घासलेलं पातं

नरसिंग वाघमारे हवाई दलातून सुटून गावी आला, तेव्हा त्याच्या लोखंडी ट्रंकेत कपडे कमी आणि कानशी जास्त होत्या. चपट्या, अर्धगोल, उंदराच्या शेपटीएवढ्या बारीक. एकेक तेलाच्या फडक्यात गुंडाळलेली. निलंग्याच्या एसटीतून उतरला तेव्हा ट्रंकेला हात लावायला कुणी आलं नाही आणि त्यानंही कुणाला हाक मारली नाही. त्याचा बाप दगडोबा ह्याच फाट्यावर लोकांची ओझी उतरवायचा. छप्पन साली वस्तीनं धर्म बदलला, घरातले देव नदीत सोडले, पण गावातल्या चहाच्या हाटेलात दगडोबाचा कप वळचणीलाच खोचलेला राहिला, मरेपर्यंत.

"इमान चालवत हुतास म्हण की," पारावर व्यंकटरावानं विचारलं. व्यंकटराव म्हणजे गावात बोलणारा माणूस. तो बोलला की बाकीचे हसायला मोकळे.

"न्हाई. इमानाचा पंखा बगत हुतो."

"पंखा तर आमच्या घरी बी हाय. त्यात काय बगायचं आस्तंय?"

लोक हसले. नरसिंग खाली बसला आणि काडीनं मातीत पात्याचा आकार काढू लागला.

"तुमचा पंखा वारं ढकलतोय, तुमी खाटंवर पडून ऱ्हाताव. ह्यो पंखा वारं मागं ढकलतोय आन सोता म्होरं जातोय, इमानाला घिऊन. पातं मंजी दुसरं काय न्हाई, पाखराचं पंखच हाय. पाखराचं पंख सरळ जातंय आन वर उचलतंय. ह्ये गोल फिरतंय आन म्होरं वडतंय. टोकाला तर इतका येग आस्तोय, की आवाजाच्या येगाला भिडाय जातंय. त्याच्या म्होरं टोक गेलं की नुसतं वरडतंय, वडत न्हाई."

"मंजी आमच्या थोरल्या चुलत्यावानी," व्यंकटराव म्हणाला.

पुन्हा हसणं झालं, पण ह्या खेपेला त्यात नरसिंगही होता. हसता हसता व्यंकटरावानं आपली मांडी थोडी आखडली, दगडावर वीतभर जागा केली आणि म्हणाला, "बस की नरसिंगराव."

तो 'राव' नरसिंगच्या कानात गेला तो तिथंच राहायला आला. बापाला उभ्या जन्मात जे मिळालं नाही ते एका पंख्यानं दिलं, हे त्याला त्या दिवशी उमगलं. आणि पंखा सुटला तर काय सुटेल, हेही.

लातूरच्या आप्पासाहेब गुत्तेदारांनी त्या सुमारास फवारणीची कंपनी काढली होती. एक पिवळं विमान, एका माणसापुरतं. शेपूट जमिनीला टेकलेलं, नाक आभाळाकडं, चालकाच्या पुढ्यात औषधाची मोठी टाकी. देगलूरकडच्या कापसावर, निलंग्याकडच्या उसावर ते औषध मारायचं. नरसिंगला त्यांनी बोलावून घेतलं. माळावर धावपट्टी, तिच्या कडेला पत्र्याचं शेड, शेडच्या मागं एक खोली. नरसिंग बायकोला, पंचफुलाला, घेऊन तिथं राहायला आला. गावी गेला की लोक आता 'इमानवाले नरसिंगराव' म्हणायचे.

विमान उडवायचा जिलानी. नांदेडच्या जुन्या अत्तरवाल्यांच्या घरातला. घराण्यात तोच एक असा निघाला ज्याच्या अंगाला पेट्रोलचा वास. बोलायला तिखट, हाताला हलका. त्याचा एक नेम होता: उजाडताना उडायचं आणि ऊन चढायच्या आत खाली यायचं.

"सुब्बू की हवा घट्ट रहती, नरसिंगभाई," तो म्हणायचा. "उन्हात हवा पातळ होते. पंखाला धरायला कमी, इंजिनला प्यायला कमी, पंख्याला चावायला कमी. तिन्हीकडनं मार. सकाळी मी लिंबाच्या झाडापाशी जमीन सोडतो. दुपारी लिंब जातं, पाण्याची टाकी जाते, तरी चाकं खालीच."

"मंग दुपारी उडू नगा कप्तानसाब."

"उडता कौन? दुपारी मी झोपतो. अम्मीनं तेवढंच शिकवलं नीट."

मग ते वर्ष आलं. लातूरचा जिल्हा झाला. एसटीच्या पाट्या नव्यानं रंगवल्या, कचेऱ्यांवर नवी नावं चढली, पेढे वाटले. आणि पावसानं पाठ फिरवली. एक पेरणी वाळून गेली, दुसरी उगवलीच नाही. माणसं दुष्काळी कामावर गेली. नव्या जिल्ह्याला मोठी माणसं विमानानं येणार, म्हणून त्याच कामातून माळावरची धावपट्टी लांब करायचं ठरलं. खडी फोडायची, पसरायची, वर डांबर टाकायचं. खडी झाली, पसरली. डांबर काही आलं नाही. आज येतंय, उद्या येतंय, असं करत ती मोकळी खडी तशीच पडून राहिली. खडी फोडणाऱ्या बायांत पंचफुलाही होती.

दुष्काळ सगळ्यांना सारखा भेटत नाही. ज्यांच्या विहिरींना पाणी होतं त्यांचा ऊस उभा होता, आणि विमान त्यांच्यासाठी उडतच होतं. जागेवर उभं राहून इंजिनाला पूर्ण जोर दिला की पंख्याच्या टोकाखाली वाऱ्याचा एक बारीक भोवरा उठायचा, जमिनीवरचा खडा उचलायचा आणि पात्यावर आदळायचा. पात्याच्या पुढच्या कडेला टवका. विमान उतरलं की नरसिंग धोतराच्या सोग्यानं पातं पुसायचा, बोट फिरवायचा आणि टवका सापडला की कानस काढायचा.

टवका तसाच ठेवता येत नाही. पंखा फिरताना पातं आपल्याच ताकदीनं मुळापासून उपटून निघायला बघत असतं. जिथं टवका तिथं चीर, आणि चीर गेली की पात्याचा तुकडा बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो. म्हणून टवका घासून पसरट करायचा, कडेच्या गोलाईत असा मिसळायचा की बोटाला लागू नये. आणि एक पातं घासलं की दुसरंही तेवढंच घासायचं, नाहीतर पंखा डुगडुगतो. खडा एक, मार दोन्ही पात्यांना.

"आमी फोडायचं आन तुमी घासायचं," पंचफुला म्हणाली. ती दुपारची भाकर घेऊन शेडमध्ये आली होती, केसांवर दगडाची पांढरी भुकटी. "दोगं मिळून कुणाचं घर बांदायलाव कुणास ठावं."

"तू खडी बारीक कमी फोड. मोटा दगूड उडत न्हाई."

"मुकादमाला सांगते की, आमच्या ह्यांच्या पंख्याला सोसंना म्हणून."

घासण्यालाही हद्द असते. पातं किती अरुंद चालेल, किती आखूड चालेल, हे बनवणाऱ्यांनी ठरवून दिलेलं. त्या हद्दीचं एक पत्र्याचं माप नरसिंगनं आपल्या हातानं कापून खिळ्याला टांगलं होतं. पातं त्या खाचेत सहज शिरलं की पंखा बाद. कामावर लागल्यावर पहिलं वर्षभर तो दर आठवड्याला माप लावायचा. मग पंधरा दिवसांनी. मग टोकाला एक मोठा टवका पडला, दोन्ही टोकं बोटभर कापावी लागली, आणि त्यानंतर नरसिंगचा हात मापाकडं जायचा थांबला.

गंमत अशी, की पंखा झिजला तसं इंजिन खुशीत आलं. पूर्वी पंखा हवेत रुतायचा, इंजिनाला जोर लागायचा. आता ओझं कमी झालं, तर इंजिन भिंगरीसारखं फिरू लागलं, आवाज चढला. आप्पासाहेब एका सकाळी जीपमध्ये बसून ऐकत होते.

"नरसिंग, नव्यापेक्षा झ्याक पळायलंय की रं. गुण हाय तुझ्या हाताला."

जिलानी हेल्मेट काढत जवळ आला. आप्पासाहेबांची जीप जाईपर्यंत गप्प राहिला.

"उस्ताद, इंजिन ओरडतंय. ओढत नाही."

"आज ऊन लई व्हतं, कप्तानसाब."

"आज ढग होते," जिलानी म्हणाला. नरसिंगच्या तोंडाकडं जरा बघितलं आणि पुढं बोलला, "मी अर्धीच टाकी घेऊन उडतो आता. मालकला नक्को बोलू."

हैदराबादचा परवानेवाला इंजिनियर दिवाळीनंतर तपासणीला आला. त्यानं पात्यावर हात फिरवला आणि चहा यायच्या आतच सांगितलं, "वाघमारे, काम सुरेख आहे. पण बास झालं. पुढच्या खेपेला मला हा पंखा इथं दिसता कामा नये." आप्पासाहेबांच्या तोंडावरही तो हेच बोलून गेला. गेल्यावर आप्पासाहेबांनी नरसिंगला विचारलं. दटावून नाही, घरच्या माणसाला विचारावं तसं विचारलं.

"नवा पंखा परदेशातनं यायचा. यील तवर इमान उबं. इमान उबं ऱ्हायलं तर मी तरी ह्यो पसारा कशाला ठिवू? इकून टाकतो आन मोकळा व्हतो. तू सांग. चालंल का?"

नरसिंगला पार दिसला. दगडावरची वीतभर जागा दिसली.

"चालंल की मालक," तो म्हणाला. "मी हाय की."

उन्हाळ्यात नव्या जिल्ह्याचा मोठा सोहळा निघाला. राजधानीहून पाहुणे, मैदानावर मांडव, कमानी. आप्पासाहेबांनी शब्द देऊन टाकला: पाहुणे व्यासपीठावर चढले की वरून विमानानं फुलं पडतील. फुलं तरी कुठली? सगळ्या मुलखात झेंडू वाळून गेलेला. हैदराबादच्या बाजारातून ट्रकनं आणली. वाटेत वाळू नयेत म्हणून पोत्यांवर पाणी मारत आणली. टाकीतला औषधाचा अंश धुवायला पाण्याचा टँकर आला. नरसिंग टाकी धूत होता तेव्हा खडीवरच्या बाया घागरी घेऊन कुंपणाशी उभ्या राहिल्या. धुतलेलं पाणी विषारी, कुणाला देता येईना. ते माळावर वाहून गेलं आणि बाया ते जमिनीत जिरेपर्यंत बघत राहिल्या.

जिलानीनं सांगून ठेवलं होतं: उजाडताना. पाहुणे उजाडताना येणार होते, मग न्याहारीनंतर, मग उदगीरहून निघालेत म्हणून निरोप आला. ऊन डोक्यावर आलं. पोती उन्हात तापली तसा आप्पासाहेबांच्या माणसांनी त्यांवर पुन्हा पाणी मारलं. मग चिंब फुलं टाकीत ओतली, उरली ती हातांनी दाबून बसवली.

"अर्धी बस," जिलानी म्हणाला.

"कप्तान, फुलं हायत ती," आप्पासाहेब हसले. "फुलाला कुटं वजन आस्तंय का?"

जिलानीनं टाकीत हात घातला. कोपरापर्यंत ओला बाहेर काढला. त्यानं आप्पासाहेबांकडं बघितलं नाही, नरसिंगकडं बघितलं.

"उस्ताद, तू बोल. पंखा उचलेल?"

सगळे नरसिंगकडं बघत होते. आप्पासाहेब, त्यांची माणसं, जिल्ह्याच्या कचेरीतले दोन कारकून, आणि मुद्दाम विमान बघायला गावाहून आलेला व्यंकटराव. 'न्हाई' म्हणायचं तर आताच सगळ्यांसमोर म्हणावं लागणार होतं, की पंखा चालतोय ही इतके महिने मारलेली थाप होती.

"उचलंल," नरसिंग म्हणाला.

जिलानी चढला. इंजिन भिंगरीसारखं फिरलं. पिवळं विमान खडीवरून धावत सुटलं, शेपूट उचललं, लिंबाचं झाड मागं पडलं. नरसिंग मनात म्हणत होता, आता. पाण्याची टाकी मागं पडली. आता. चाकं एकदा वीतभर सुटली आणि पुन्हा टेकली. जिलानीनं टाकीची झडप ओढली असणार; फवारणीच्या विमानात अडचण आली की अख्खी टाकी एका क्षणात खाली सोडायची सोय असते. पण ती सोय पाण्यासारख्या औषधासाठी. दाबून बसवलेली ओली फुलं झडपेच्या तोंडाशी गच्च अडकली आणि मूठभर झेंडू तेवढे खडीवर सांडले. विमान पट्टी संपवून बाभळीत शिरलं, नाकावर उभं राहिलं आणि उताणं पडलं.

बाया पहिल्यांदा धावल्या. पंचफुलानं दगडाच्या हातोडीनं काच फोडली आणि तिघींनी मिळून जिलानीला ओढून काढलं. तो शुद्धीवर होता. डावा पाय गुडघ्याखाली भलतीकडंच वळलेला. नरसिंग पोचला तेव्हा तो फक्त एवढंच बोलला, "नक्को उस्ताद, नक्को रोऊ."

चौकशी आली. चौकशी यायच्या आदल्या दिवशी आप्पासाहेब शेडमध्ये आले, स्वतः खुर्ची ओढून घेतली आणि नरसिंगलाही बसायला सांगितलं.

"पंख्यात खोट निगाली तर नुकसानीचा इम्याचा पैसा बुडला. इमान बी गेलं, कंपनी बी गेली, तू बी गेलास. आन कप्तानाची चूक निगाली, तर नवं इमान यील. नव्या पंख्याचं. त्याला तूच लागणार हाईस मला."

"आन कप्तान?"

"त्याचा पाय तर गेलाच हाय. आता तो काय उडतोय थोडाच."

पंचफुला दारात उभी होती. जीप गेल्यावर ती म्हणाली, "काय सांगनार हाव साह्यबास्नी?"

"बगू."

"बगायचं काय त्यात? पंखा तुमी घासलाव. त्या मान्सानं तोंडावर इचारलं तुमाला."

"मंग काय करू? तुज्या शेजारी बसून खडी फोडू?"

पंचफुलानं दाराशी टेकवलेली हातोडी उचलली. मग म्हणाली, "मी फोडते की. मला कुणी काय म्हनलं न्हाई."

पंख्याची पाती जमिनीवर आदळून मुरगळली होती, टोकं तुटून बाभळीत कुठं गेली ती मिळाली नाहीत. चौकशीच्या साहेबांनी विचारलं, माप लावत होतात का? नरसिंग म्हणाला, लावत होतो. हद्दीत होतं? होतं. हैदराबादच्या इंजिनियरानं बदलायला सांगितलेलं खरं का? "पुढच्या खेपेला म्हनले हुते साहेब. पुढची खेप यायची हुती." साहेबांनी मान हलवली. भर दुपारी, जास्त ओझं घेऊन उड्डाण करणं ही चालकाची चूक ठरली. जिलानीचा परवाना गेला.

पावसाळ्यानंतर नवं विमान आलं. नरसिंगच्या खोलीला फरशी बसली. पंचफुला तिथं राहत होती, रांधत होती, विचारलं त्याचं उत्तर देत होती. पण भाकर घेऊन शेडमध्ये ती पुन्हा कधी आली नाही. गावी गेलं की व्यंकटराव आता उठून जागा द्यायचा. त्या दुपारी तो तिथं उभा होता, त्यानं 'उचलंल' ऐकलं होतं. तो त्याबद्दल कधी बोलला नाही, आणि जागा द्यायचाही विसरला नाही. नरसिंगला तिथं बसवेना.

एकदा देगलूरकडं विमान गेलेलं असताना नरसिंग नांदेडला उतरला आणि विचारत विचारत अत्तरवाल्यांच्या गल्लीत गेला. दार जिलानीच्या आईनं, सुलतानबीनं, उघडलं. तिनं त्याला ओळखलं. आत ये म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. दार उघडं टाकून आत गेली.

जिलानी दुकानाच्या मागच्या खोलीत तक्क्याला टेकून बसला होता, पाय लांब करून. समोर अत्तराच्या बारीक कुप्या, तो त्यांना बुचं लावत होता.

"आव उस्ताद. बैठो."

नरसिंग उंबऱ्याजवळच बसला.

"कप्तानसाब, मी तिथं खोटं..."

"मालूम है," जिलानी म्हणाला. "कोपरापर्यंत हात मीच भिजवला होता ना? अर्धी टाकी सहा महिने मीच उडवत होतो ना? मला नव्हतं माहीत, असं समजतोस तू?" बूच नीट बसेना, त्यानं ते काढून पुन्हा लावलं. "फरक इतना ही है, साहेबांनी मला पंख्याचं विचारलं असतं तर मी तुझं नाव येऊ दिलं नसतं. तू माझं येऊ दिलं."

सुलतानबीनं चहा आणला, एकच कप. तो तिनं मुलापुढं ठेवला आणि गेली. जिलानीनं तो नरसिंगकडं सरकवला. नरसिंगनं हात लावला नाही.

जिलानीनं आणखी दोन कुप्यांना बुचं लावली. मग विचारलं, "नया कैसा है?"

"बरं हाय."

"बरं म्हणजे?"

"आता तीन पात्यांचा पंखा हाय, कप्तानसाब. आन पातं जाग्यावर फिरतंय. जमीन सोडताना पातं चपटं करायचं, लई ओढ भेटती, वर गेलं की तिरपं करायचं, कमी फेऱ्यात लांब जातंय. जुन्या पंख्याला एकच कोन, एकतर उडायला चांगला न्हाईतर पळायला. ह्येला दोनी. भर दुपारी, पुरी टाकी घिऊन, लिंबाच्या लई अलीकडं जमीन सुटती बगा. नाक असं वर करतंय, जणू कुनी वरनं दोरी..."

बोलता बोलता त्याचे दोन्ही हात हवेत गेले होते. जिलानीनं डोळे मिटले होते. त्याचा उजवा हात मांडीवर, मूठ सैल वळलेली, विमानाचं नाक उचलायचा दांडा ओढावा तसा हळूच मागं सरकत होता.

नरसिंगला आपला आवाज ऐकू आला. तो गप्प झाला, हात खाली घेतले.

"थांबलास कशाला?" जिलानी डोळे न उघडता म्हणाला. "बोल. आता तेवढंच तर आहे तुझ्याकडं मला द्यायला."

नरसिंग बोलू लागला. आवाज फाटत होता, तरी तो बोलत राहिला: वळताना कसं, भरल्या टाकीनं उतरताना कसं, वाऱ्यात कसं. चहावर साय धरली. जिलानी मध्येच एखादी गोष्ट पुन्हा सांगायला लावायचा, आणि नरसिंग ती पुन्हा सांगायचा.